खासगी प्रश्न कसा?

‘निवृत्त अधिकारी मुलांकडे परदेशी स्थायिक झाले तर तो त्यांचा खासगी प्रश्न’, हे एका लेखातलं वाक्य खटकलं. मी कोषागारात निवृत्तिवेतनाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. नोव्हेंबरात बँकांमधून हयातीच्या याद्या सह्या होऊन परत यायच्या. शिपाई, ग्रामसेवक, मास्तर. कुठे थरथरती सही, कुठे निळ्या शाईचा पुसट अंगठा. काही साहेबांचे दाखले मात्र टपालाने यायचे, जाड पाकिटात, वकिलातीचा गोल शिक्का मारून. त्यात एक साहेब असे, की १ नोव्हेंबर २००५पासून नोकरीला लागलेल्यांची हमीची जुनी पेन्शन बंद झाली तेव्हा बैठकीत आम्हाला म्हणाले होते, ‘राज्याला परवडत नाही, थोडी झळ सोसायला शिका.’ ते स्वतः अर्थातच जुन्या पेन्शनवाले.

मुलांजवळ राहावंसं वाटणं मी समजू शकतो, माझाही मुलगा बंगळुरूला आहे. पण इथलं सरकारी इस्पितळ, इथली एसटी, इथली जिल्हा परिषदेची शाळा ज्यांच्या सहीने चालली, त्यांना म्हातारपणी त्यातलं काहीच वापरावं लागू नये? २०२३च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी कर्मचारी संपावर होते, तेव्हा साहेबांचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला: ‘शिस्त राहिली नाही.’ न्यू जर्सीहून.