दीड लाखाचं कोचिंग आणि शिरोलीतलं वर्कशॉप: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

छोट्या उद्योगांना बिझनेस कोचचा उपयोग होतो, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमच्या मुलाने दीड लाख भरून बिझनेस कोचिंग घेतलं, हॉटेलच्या हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या, पहाटे पाचला उठून 'मी यशस्वी आहे' म्हणायला लागला आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीतलं वर्कशॉप होतं तिथेच राहिलं, असं तुम्ही लिहिलंत. वर विचारलंत की ज्यांनी जन्मात लेथला (धातू कातायच्या यंत्राला) हात लावला नाही ते माझ्या पोराला धंदा काय शिकवणार, आणि तुम्ही अशांची भलामण का करता?

त्या हॉलबद्दल आपला वाद नाही. तिथे उत्साह विकला गेला, आणि जीएसटीसकट पावती मिळाली म्हणून उत्साहाचं कोचिंग होत नाही. मी लेखात बाजू घेतली ती वेगळ्या कामाची. ते मुलाच्या वर्कशॉपवरच दाखवतो.

दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन), गिऱ्हाइकाच्या कास्टिंगचं म्हणजे ओतीव भागांचं मशिनिंग जॉबवर्कवर, दोन्ही पाळ्या फुल, तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही, असं तुम्हीच म्हणता. समजा हप्ता, वीज, ऑपरेटर, इन्सर्ट (कापायची बदलती पाती) सगळं धरून मशीनचा तासाचा खर्च 400 रुपये आहे. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला मशीनवर लागणारा वेळ, सहा मिनिटं, म्हणजे तासाला दहा नग, नगाला 40 रुपये. मुलगा 45 चं कोटेशन देतो आणि पाच रुपये सुटले असं समजतो. पण जॉब लावणं-काढणं, माप घेणं, इन्सर्ट बदलणं, मध्येच ब्लो होल (ओतकामात राहिलेली पोकळी) निघाला की तो नग बाजूला टाकणं, यात तासाला आठच चांगले नग पडत असतील तर खर्च 50 वर गेला. मग प्रत्येक नगामागे पाच रुपये खिशातून जातात, आणि मोठी ऑर्डर मिळाली की तोटाही मोठा. त्यात त्याने स्वतःचा पगार खर्चात धरलाय का, हेही विचारा. बहुतेक मालक धरत नाहीत.

हे गणित त्याला येत नाही असं मी म्हणत नाही. सेटिंग, गिऱ्हाइकाचे फोन, पेमेंटसाठी खेटे, यात तासाला नग किती पडले हे त्याला विचारणारंच कुणी नाही. कामाचा कोच मशीनशेजारी उभा राहून वेळ मोजतो, रोजची नोंद लिहायला लावतो आणि पुढच्या सोमवारी येऊन 'वही दाखवा' म्हणतो. त्याला लेथ नाही आला तरी चालेल, लेथ तुमच्या मुलाला येतोच.

याला पुरावा आहे, आणि तोही लांबचा नाही. साधारण 2008 च्या सुमारास काही अर्थतज्ज्ञांनी मुंबईच्या उत्तरेकडच्या तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड कारखान्यांवर प्रयोग केला. काहींना सल्लागारांनी महिनाभर पाहणी करून फक्त काय चुकतंय ते सांगितलं. काहींना त्यापुढे चार महिने सल्लागार फुकट दिले, तेही कारखान्यात जाऊन काम करणारे. दोष नोंदवणं, सुताचा साठा मोजणं, देखभालीचं वेळापत्रक, असली बिनचमकदार कामं. या दुसऱ्या गटाची उत्पादकता पहिल्याच वर्षात सुमारे 17 टक्के वाढली. बऱ्याच वर्षांनी परत पाहिलं तर निम्म्याच्या आसपास सुधारणा सुटलेल्या होत्या, पण दोन गटांमधला फरक शिल्लक होता.

आता तुमच्या बाजूचंही सांगतो. ते कारखाने शेकडो कामगारांचे होते. घानात आक्रा शहरातल्या शिंप्यांना असाच सल्ला दिला गेला. त्यांनी काही दिवस पाळला, नफा काही वाढला नाही आणि वर्षभरात ते जुन्या पद्धतीवर आले. एकट्याने चालवलेल्या दुकानात मालकाचे दोन हात हीच मर्यादा असते, तिथे कोचला पैसे देऊ नका असंच मी सांगेन. दोन मशीन, दोन पाळ्या, चार-पाच माणसं म्हटल्यावर मात्र मालकाची नजर सगळीकडे पुरत नाही. अशा ठिकाणी मला फायदा दिसतो.

पेमेंटचं दुखणं कोचच्या आवाक्याबाहेरचं. एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण ज्याच्या कामावर घर चालतं त्याच्यावर तक्रार कोण घालणार? चांगला कोच फार तर एवढं दाखवेल की निम्मं काम एकाच पार्टीचं आहे, आणि दुसरी पार्टी शोधायला मागे लागेल.

पुन्हा कुणी कोच भेटला तर पैसे भरण्याआधी मुलाने विचारावं, 'शॉपवर कितीदा येणार?' उत्तरात हॉटेलचा पत्ता आला तर चहा पिऊन परत यावं.

आणि त्याआधी पंधरा दिवस ऑपरेटरला मशीनशेजारी एक वही द्या. दर तासाला चांगले नग किती, रिजेक्ट किती, मशीन बंद का होतं, एवढंच लिहायचं. आकडे आले की इथेच खाली टाका, 45 चं कोटेशन किती करायला हवं ते आपण मिळून काढू.