चंद्र समुद्र उचलतो, मग माणसाला का नाही?

"चंद्र एवढ्या मोठ्या समुद्राला भरती आणतो. माणसाच्या शरीरात तर सत्तर टक्के पाणीच आहे! म्हणून पौर्णिमेला माणसं बेचैन होतात, भांडणं आणि अपघात वाढतात." हा दावा दर पौर्णिमेला नव्याने फिरतो आणि शिकलेल्यांनाही पटतो, कारण त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे.

चंद्र पाण्यालाच ओढतो, हे मात्र खरं नाही. गुरुत्वाकर्षणाला पाणी, दगड, हाड सगळं सारखंच. शिवाय भरती नुसत्या ओढीने येत नाही, ती ओढीतल्या फरकाने येते. पृथ्वीची एक बाजू चंद्राला जवळ, दुसरी जवळजवळ 12,700 किलोमीटर लांब. जवळच्या बाजूला ओढ जास्त, पलीकडे कमी, आणि या ताणामुळे समुद्र दोन्ही बाजूंना फुगतो. म्हणूनच बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. आता माणूस घ्या. डोक्यापासून पायापर्यंत दोन मीटरसुद्धा अंतर नाही. तेवढ्यात चंद्राच्या ओढीत पडणारा फरक आपल्या वजनाच्या साधारण तीस लाख कोटीव्या भागाएवढा भरतो. माणूस सोडा, उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्ससारख्या अजस्र सरोवरांतही भरती 5 सेंटीमीटरच्या वर जात नाही.

बरं, पौर्णिमाच का? उधाण अमावास्येलाही तितकंच येतं, कारण तेव्हाही सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळपास एका रेषेत असतात. आणखी एक गोष्ट. चंद्र कधी सुमारे 3,63,000 किलोमीटरवर असतो, कधी 4,05,000 वर. जवळ असताना त्याचा ताण चाळीसेक टक्क्यांनी वाढतो, मग तिथी कोणतीही असो. वेड भरतीमुळे लागत असतं, तर ते या अंतराच्या तालावर चाललं असतं.

"पण आमचा अनुभव आहे ना!" अनुभव खोटा नसतो, त्याचा हिशेब अर्धवट असतो. गडबडीची रात्र, वर पूर्ण चंद्र, ही जोडी लक्षात राहते. गडबडीची अष्टमी आणि शांत पौर्णिमा कुणी मोजत नाही. जेम्स रॉटन आणि आयव्हन केली या संशोधकांनी 1985 साली 37 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चंद्राच्या कलांशी माणसाच्या वागण्याचा दखल घेण्याजोगा संबंध सापडला नाही. मला या दाव्याची चीड येते ती इथे. मनाने आजारी असलेल्या माणसाचा त्रास चंद्राच्या नावावर टाकला, की त्याच्याकडे बघायचं राहून जातं.

चंद्राचा सजीवांवर परिणाम होतच नाही, असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफवरची प्रवाळं वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत, एकाच वेळी बीजं पाण्यात सोडतात. पण तिथे मोठा इशारा चांदण्याचा असतो.

आणि ताणाचा खरा प्रताप बघायचा असेल तर तो आपल्या पायाखाली आहे. चंद्र-सूर्याच्या ओढीने घट्ट जमीनसुद्धा फूटभरापर्यंत वर-खाली होते, फक्त सगळंच एकदम हलतं म्हणून आपल्याला कळत नाही. जिनिव्हाजवळ जमिनीखाली 27 किलोमीटर घेराचं एक कणप्रवेगक, म्हणजे अतिसूक्ष्म कणांना प्रचंड वेगाने पळवणारं, यंत्र होतं. त्यातल्या कणांची ऊर्जा वेळेनुसार किंचित कमीजास्त होताना दिसली. शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा कळलं की चंद्र त्या अख्ख्या वर्तुळाचा घेर जेमतेम एका मिलिमीटरने बदलत होता. पुढे ऊर्जा मोजताना त्यांना चंद्र कुठे आहे याचाही हिशेब धरावा लागला.