काकूंना ते वचन ऐकवायची गरज होती का?

आज संध्याकाळी कॉटेज मिटिंगवरून, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांची घरी भरते त्या प्रार्थनेवरून, आले ते डोकं तापवूनच आले. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबलं.

मिटिंग शेजारच्या काकूंकडे होती. काकांना जाऊन दीड महिना झाला, पोराची नोकरी त्याच्या आधीच गेलेली. पाहुणे म्हणून वचन सांगायला आलेल्या ब्रदरनी काढलं काय, तर बायबलमधल्या अनुवाद पुस्तकाचा 28 वा अध्याय. परमेश्वराचं ऐकशील तर नगरात आशीर्वादित, शेतात आशीर्वादित वगैरे. मग एकाने साक्ष दिली की दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देवाला नियमित द्यायला लागलो आणि दारात चारचाकी आली. आमेन, हालेलुया. आणि मग ब्रदर काकूंकडे वळून म्हणतात, "ताई, घरात आज्ञापालनात कुठे कमी पडतंय का, एकदा तपासा."

काकू काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, परत गुंडाळत होत्या. मग उठून चहा टाकायला गेल्या. त्या बाईने त्या माणसाला चहा दिला!! आणि मी पण गप्प बसून प्यायले, हे मला जास्त लागतंय.

मला सारखे पप्पा आठवत होते. माझ्या जुन्या मित्रमैत्रिणींना माहितीये, पप्पा साखर कारखान्यावर काट्यावर होते. 1987 चा सिझन. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, मग रिकामी गाडी परत काट्यावर. मधल्या फरकावर शेतकऱ्याचं बिल आणि तोडणीवाल्यांची मजुरी. वरून सांगण्यात आलं, गाडीमागे थोडं कमी धर. काटा मारणं म्हणजे काय हे आमच्या नगर जिल्ह्यात पोराटोरांना पण कळतं. पप्पा नाही म्हणाले. कारण एकच, खोट्या तागडीचा देवाला वीट आहे असं नीतिसूत्रांत लिहिलंय, विषय संपला. पुढच्या सिझनला त्यांना बोलावणंच आलं नाही.

मग आम्ही कुठे आशीर्वादित झालो? नगरात की शेतात? शेत नव्हतंच. आई ब्लाउज शिवायची, रात्री दहा-दहापर्यंत मशीन चालायची, आणि दूधवाल्याची उधारी वाढली की म्हणायची, "सांगा तुमच्या देवाला, हिशोब भागव म्हणावं." पप्पा हसायचे आणि पडल्या पडल्या घोरायला लागायचे. आईला त्या घोरण्याचा भयंकर राग यायचा.

बरं, अनुवादच वाचायचं ना? मग 28 लाच का उघडता, चार पानं मागे या की. 25 मध्ये लिहिलंय, थैलीत लहानमोठी वजनं ठेवू नको. 24 मध्ये लिहिलंय, मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दे, आणि शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नको, ती उपऱ्याची, अनाथाची, विधवेची. विधवेची! या आज्ञा पाळा म्हणून तर तो अठ्ठाविसावा अध्याय आहे. आणि तुम्ही तोच अध्याय घेऊन विधवेच्याच घरी बसून तिचीच झडती घेता.

हो, माहितीये, आशीर्वादाचं वचन खोटं नाही. आईच आता म्हणते की त्या वर्षात आपण एकदाही उपाशी झोपलो नाही. मान्य. ज्यांच्याकडे गाडी आली त्यांचा आनंद पण खरा असेल, माझं काही म्हणणं नाही.

पण आज चहा पिताना एक गोष्ट पहिल्यांदाच डोक्यात आली, इतकी वर्षं कशी आली नाही कोण जाणे. पप्पांच्या आज्ञापालनाचा आशीर्वाद आला होता की. फक्त आमच्या घरी नाही आला. त्या सिझनला पप्पांच्या पाळीला ज्या बैलगाड्या काट्यावर चढल्या, बीडकडून पोरंबाळं घेऊन आलेल्या, त्यांच्या पावतीवर वजन बरोबर पडलं. त्यांना कोणाला पप्पांचं नाव माहीत नव्हतं. कोपीत, त्यांच्या त्या पाचटाच्या झोपडीत, जाऊन त्यांनी काय साक्ष दिली असेल? काहीच नाही, भाकरी खाऊन झोपले असतील. आणि पप्पांना कोणी विचारलं तर म्हणायचे, आपण निरुपयोगी दास, सांगितलं तेवढं केलं. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानातलंच आहे ते, 17 वा अध्याय. ते कोणी कॉटेज मिटिंगला काढत नाही, कारण त्यात शेवटी काही मिळत नाही.

ब्रदर माणूस वाईट नाहीत. काकांच्या आजारपणात दोन वेळा हॉस्पिटलला येऊन गेले होते, ते मी विसरले नाही. म्हणून नाव लिहीत नाहीये. पण बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र पण आधी सात दिवस गप्प बसले होते, तेवढं बरं होतं, मग तोंड उघडलं, तुझंच काही चुकलं असेल म्हणाले आणि घाण केली.

आत्ता आईला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं ती पण चिडेल. तिने फक्त विचारलं, "चहा केला तिने, पण ती जेवली का?" मी काय सांगणार, मी तर तावातावाने निघून आले होते.

मेथीची जुडी आणलीये, निवडायला बसते. उद्या डबा न्यायचाय. कमेंटमध्ये वचनं टाकू नका प्लीज, पाठ आहेत मला.