‘सेट’चे ४३० अर्थ आणि आपली लागलेली बस

एक मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजीतल्या ‘सेट’ या एवढ्याशा शब्दाला ४३० अर्थ आहेत आणि हा जागतिक विक्रम आहे. शब्दांचं दारिद्र्य असल्याशिवाय एका शब्दावर इतकं ओझं टाकावं लागत नाही. मराठीत मात्र प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र शब्द आहे. शेवटी ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’.

आकडा हवेतला नाही. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत ‘सेट’ची नोंद सर्वांत लांब, सुमारे ६०,००० शब्दांची होती आणि तिच्यात त्याचे सुमारे ४३० अर्थ होते. पण विक्रम केव्हाच मोडला. त्याच कोशाच्या संपादकांनी २०११ साली ‘रन’ नव्याने तपासून संपवला, तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. शिवाय हे अर्थ म्हणजे कोशकारांनी पाडलेले कप्पे. शेकडो वर्षांपूर्वी वापरातून गेलेले अर्थही त्यात मोजलेले असतात.

त्यात ‘सेट’ हा मुळात एकच शब्द नाही, दोन आहेत. कपबशांचा सेट म्हणतो तो, समूह या अर्थाचा, जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन ‘सेक्टा’वरून आला, क्रियापदाशी त्याची सरमिसळ नंतरची. क्रियापद मात्र अस्सल जुन्या इंग्रजीतलं. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि त्याचं प्रयोजक रूप ‘सेट’, म्हणजे चक्क बसवणे! (‘सिट’चं दूरचं नातं संस्कृत ‘सद्’शी, म्हणजे आपल्या ‘संसदे’शी लागतं, ते वेगळंच.)

आता बसवण्याकडेच बघा. मोडलेलं हाड इंग्रजीत ‘सेट’ करतात, आपण बसवतो. अंगठीत खडा ते ‘सेट’ करतात, आपण बसवतो. कवितेला चाल, तीही बसवतो. त्यापुढे आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, फरशी बसवतो, दंड बसवतो आणि विस्कटलेल्या संसाराची घडीही बसवतो. नुसता ‘बसला’ घेतला तर घसा बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, शर्ट अंगात बसतो आणि धंदासुद्धा बसतो. हे दारिद्र्य कोणाचं म्हणायचं?

शब्द कमी पडले म्हणून असं होतं, हे तर उलटंच आहे. ऑक्सफर्डच्या त्या आवृत्तीत २,९०,००० नोंदी आहेत. जो शब्द दिवसभर तोंडात असतो, त्यालाच नवे अर्थ फुटतात. शेवंतीला एकच अर्थ, कारण शेवंतीचं काम रोज पडत नाही.

‘प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र शब्द’ हा दावा करणाऱ्याने एसटी स्टँडवर जाऊन उभं राहावं. ‘बस लागली’ म्हणजे फलाटावर गाडी आली. तेच घाट चढताना कोणी ‘मला बस लागते’ म्हणालं, की शेजारचा पिशवी शोधायला लागतो. भूक लागते, आग लागते, निकाल लागतो, दार लागतं, दही लागतं, डोळा लागतो, नोकरी लागते, वाट लागते, आणि हे तुमचे कोण लागतात? या वाक्यांत दुसरे शब्द घालून पाहा. बहुतेक ठिकाणी मराठीच मोडते.

नात्यांपुरती मजकुराची बाजू थोडी बरी आहे. काका, मामा, आतोबा सगळे ‘अंकल’मध्ये कोंबले जातात, हे खरं. पण आईचे वडील आणि वडिलांचे वडील आपल्यालाही दोघे आजोबाच.

आणि ज्या ‘सेट’ची कीव करायची, त्याला आपण तरी कुठे मोकळं सोडलंय? मुलगा पुण्यात सेट झाला, पोरांनी कॉलेजात सेटिंग लावली, टेंडरमध्ये सेटिंग आहे. लंडनमध्ये ‘सेटिंग’ म्हटलं तर कोणाच्याही डोळ्यांसमोर टेंडर येणार नाही. ही भर आपली.