किडनीसाठी घरचा दाता असला तरी वेळ कशात जातो

किडनी प्रत्यारोपणावरच्या एका लेखात 'घरचा दाता मिळाला की पंधरा दिवसांत ऑपरेशन' असं वाक्य आहे; ते फारच आशावादी आहे. मुंबईच्या झेडटीसीसीची (अवयववाटपाचा समन्वय करणाऱ्या केंद्राची) प्रतीक्षायादी मेंदूमृत दात्यांच्या अवयवांसाठी असते; घरच्या दात्याला ती रांग नाही, पण तपासण्या आणि कागद चुकत नाहीत.

आधी रक्तगट, क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी आहेत का ते पाहणं), एचएलए (दोघांच्या ऊती किती जुळतात ते). दात्याचं सीटी अँजिओ (किडनीच्या रक्तवाहिन्या दाखवणारं) आणि डीटीपीए स्कॅन (प्रत्येक किडनी किती काम करते ते दाखवणारं) त्यानंतर. महागड्या तपासण्या उगाच आधी करू नका. चोवीस तासांच्या लघवीच्या तपासणीत हमखास घोळ होतो. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, मग दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी, शेवटचीसुद्धा, कॅनमध्ये. एकदा जरी संडासात गेली तरी रिपोर्ट चुकतो.

डायलिसिसवाल्याला मध्येच रक्त चढवलं तर टीमला लगेच कळवा. नवी अँटीबॉडी तयार होऊ शकते, म्हणून क्रॉसमॅच पुन्हा करावी लागते.

आई किंवा बहीण दाता असेल तर लग्नाआधीचं नाव आणि आधारवरचं नाव यांचा मेळ बसवणारे कागद पहिल्याच आठवड्यात काढायला घ्या. प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर फाइल बहुधा तिथेच अडते. रक्तगट जुळत नसेल तर स्वॅपबद्दल (दुसऱ्या अशाच कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल) विचारा, डॉक्टर आपणहून सांगतीलच असं नाही.