रिव्ह्यूला उत्तर: 1862 चा रुपया नकली नाही साहेब

नमस्कार साहेब,

सगळ्यात आधी माफी. आपण एक स्टार देऊन लिहिलंय की व्हिक्टोरिया राणीचा 1862 चा रुपया नकली निघाला, वजन 11.66 ग्रॅम हवं ते 11.48 भरलं, वरच्या कडेला जोड दिल्याचा डाग आहे, पुण्यातल्या आपल्या सराफाने "शुद्ध चांदी नाही, 91 टक्केच आहे" म्हणून सांगितलं आणि तीन दिवस "चोराने" फोन उचलला नाही. आपल्याला त्रास झाला, सॉरी. डागाचं लिस्टिंगमध्ये लिहायचं राहिलं आणि फोटो दुसऱ्या नगाचा होता, हे मान्य.

पण नकली म्हणाल तर नाही. इंदूरला सराफ्यात वडिलांच्या वेळेपासून आमची छोटी दुकान आहे, ऑनलाइन मी आत्ता चार वर्षांपूर्वी सुरू केलं. आठवड्यातून एक-दोन जण तरी तो रामदरबार आणि हनुमानवाला 1818 चा "कंपनी सरकारचा" सिक्का रुमालात बांधून आणतात, लाखो रुपये मिळतील या आशेने, आणि कंपनीने असलं नाणं पाडलंच नव्हतं हे त्यांना तोंडावर सांगावं लागतं. एक आजी तर रडायला लागल्या होत्या, चहा पाजून घरी पाठवलं. ते सिक्के चार पैशात घेऊन ऑनलाइन टाकले असते तर आज माझी दुकान मोठी असती.

आता शुद्ध चांदीचं. राणीचा रुपया शुद्ध चांदीचा कधी नव्हताच हो, बारा भागातले अकरा भाग चांदी, म्हणजे 91.7 टक्के, बाकी तांबं, नुसती चांदी मऊ पडते म्हणून. तुमच्या सराफाने 91 सांगितलं ना, मग त्याने तर ओरिजिनल असल्याचंच सांगितलं! तो दागिन्याच्या हिशोबाने बोलला असेल, त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्याने जे केलं ते मला अजून पचलेलं नाही, आपण परतीसाठी पाठवलेल्या फोटोत स्पष्ट दिसतंय की किनारीवर कानस मारलीय, घड्याळात चार वाजतात तिथपासून सहापर्यंतचे सगळे दाते साफ, आणि राणीच्या गालावर कसोटीचा ओरखडा, आणि वरून ते नाणं कशाने तरी घासून भांड्यासारखं चकाचक केलंय. दीडशे वर्षांची काळपट झाक होती त्याच्यावर, गिऱ्हाईक त्याचेच तर पैसे देतो. नाण्यावर कानस कोणी चालवतं का साहेब? दोऱ्याला बांधून पाण्यात लटकवायचं, पाण्याच्या भांड्याखाली काटा ठेवायचा, एवढ्या वजनाला साधारण 1.1 ग्रॅमचा फरक आला तर चांदी बरोबर, जर्मन सिल्व्हर (नावालाच चांदी) असेल तर 1.3 च्या वर जातो. दोन मिनिटांचं काम, नाण्याला खरचटत पण नाही. पॅकिंगच्या आधी मी हे स्वतः केलंय, बोटाच्या टोकावर ठेवून वाजवूनही बघितलंय, ओतीव, म्हणजे साच्यात ओतून केलेलं नकली नाणं असतं तर किनारीवर सांध्याची रेघ दिसली असती नाहीतर सुईच्या टोकाएवढी भोकं, तसलं काही नव्हतं.

वजन 11.48 मी लिस्टिंगमध्ये लिहिलंच होतं, आपण वाचलं नाही त्याला मी काय करू. 11.66 हे टांकसाळीतून निघतानाचं वजन, त्यानंतर किती हातांतून, कमरेच्या पिशवीतून, गल्ल्यातून फिरलं असेल ते. इंग्रज सरकारसुद्धा दोन टक्के झिजेपर्यंत रुपया चालवून घ्यायचं, आपला दीड टक्के झिजलाय. आणि 1862 लिहिलंय म्हणजे त्याच साली पाडला असंही नाही, तीच तारीख 1874 पर्यंत चालू होती, म्हणून बाजारात 1862 वाले एवढे दिसतात, आपल्याला त्याचीही शंका आली होती म्हणून सांगितलं.

डाग म्हणजे जोड नाही. पूर्वी बायका रुपयांना डाक देऊन (झाळून) कडी जोडायच्या, त्यांची हमेल (नाण्यांची माळ) करून गळ्यात घालायच्या, ती कडी काढली की डाकाची खूण राहते. अशा नाण्याची किंमत थोडी कमी होते, आणि हो, ते मी आधीच सांगायला हवं होतं.

फोनचं पण ऐका. आपला पहिला फोन आला तो रंगपंचमीचा दिवस, गेर (रंगाची मिरवणूक) निघते, राजवाड्याला पाय ठेवायला जागा नसते, सगळा बाजार बंद. दुसरा दिवस शटर आणि पाटीवरचा रंग धुण्यात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मी स्वतः आपल्याला फोन केला, तो आपण उचलला नाही, तेवढं मात्र रिव्ह्यूत आलं नाही.

असो. पूर्ण पैसे परत देतो, कुरियरचे दोन्हीकडचे पण, नाणं पाठवून द्या. दाते गेल्यावर आता ते मोडीच्याच भावात जाणार, ते नुकसान माझं. पुढे फोटो वगैरे ज्याचा त्याचाच टाकायचा बघतोय, डागाचंही लिहीत जाऊ, मुलाला सांगितलंय. स्टार एकच ठेवा हवं तर, फक्त "चोर" शब्द काढला तर बरं होईल. रोज रात्री दुकान वाढवताना मुलगा मला नवीन रिव्ह्यू वाचून दाखवतो, हा त्याने वाचलाच नाही, नेट चालत नाही म्हणाला, मीच सकाळी पाहिला.