मगे वाजता खंय?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मालवणच्या बाजारात माझं इंग्लंडचं कार्ड मशीनने नाकारलं. मागे रांग होती. पैसे चुलतभावाने भरले, आणि 'लंडनवाल्याचे पैसे माका भरूक लागले' ही बातमी माझ्या आधी घरी पोचली. (मी रेडिंगला राहतो, पण आमच्या वाडीत मुंबईपलीकडचं सगळं लंडनच.) बँकेला म्हणे व्यवहार संशयास्पद वाटला. माझ्याच पैशांवर माझाच संशय. दर महिन्याला खात्यातून घराचा हप्ता कापून घेताना मात्र हा संशय कुठे जातो कोण जाणे.

कार्डाच्या पाठीवर मदतीसाठी ०८०० ने सुरू होणारा नंबर छापलेला आहे. फोन फुकट. १ जुलै २०१५ पासून तर मोबाइलवरूनही फुकट. फक्त माणूस ब्रिटनमध्ये हवा. आता ब्रिटनमध्ये असताना माझं कार्ड कोण कशाला अडवेल? जत्रेत हरवणाऱ्या पोराच्या गळ्यात घरचा पत्ता बांधावा आणि तो फक्त घरातल्यांनाच वाचता यावा, तसला प्रकार.

आमच्याकडे रेंज मिळते ती देवळामागच्या गडग्यापाशी. माझ्या तिकडच्या सिमने इकडे मान टाकलेली, म्हणून चुलतभावाचा फोन घेतला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन, कार्ड दातांत. +४४, पुढचं शून्य गाळून ८००, मग उरलेले आकडे. एका बाईंनी अत्यंत गोड आवाजात सांगितलं, की हा नंबर अस्तित्वात नाही.

"खंय लावतस रे?"

गडग्यावर तात्या बसले होते. एके काळी आचरा तिठ्यावर तात्यांचा पिवळ्या पाटीचा एसटीडी-पीसीओ होता. रात्री दर उतरले, की अर्धा गाव बूथबाहेर बाकड्यावर, आणि दुबईच्या जावयाशी काचेआड चाललेलं भांडण बाहेर सगळ्यांना पाठ. तांबडे आकडे पळायला लागले, की तात्या काचेवर टकटक करून "आटप" म्हणायचे. बूथ गेला, पण कोड तात्यांच्या डोक्यात राहिले. कुडाळ ०२३६२, सावंतवाडी ०२३६३, देवगड ०२३६४, आपलं मालवण ०२३६५. झोपेत विचारा.

"बँकेत लावतंय, तात्यानू. लंडनाक."

"कोड काय घातलंस?"

"आठशे."

"आठशे ह्यो खंयचो कोड? लंडन वीस. आदी एकशे एकाहत्तर होतो."

"ह्या नंबराक गाव नाय, तात्यानू. अख्ख्या देशाक एकच."

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला.

"गाव नाय? मगे वाजता खंय?"

मी समजावायला गेलो. तिथे ०८०० च्या फोनचे पैसे कंपनी भरते. परदेशातून आलेल्या फोनचे पैसे भरायची तिची तयारी नसते, म्हणून तो आत घेतच नाहीत.

"म्हणजे फुकट आसा, पण लागणा नाय."

"होय."

"मेल्या, न लागलेलो फोन फुकटच आसता! माझ्या बूथवर पण फुकटच होतो!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बँकेकडेही नसावं. आणि आपल्याकडचे १८०० वाले तरी काय वेगळे? आईच्या विम्याचं काम रेडिंगहून करायला गेलो, तेव्हा तोही नंबर असाच रुसून बसला होता. परदेशातल्यांसाठी वेगळा नंबर असतो म्हणे, पण तो संकेतस्थळावर 'आमच्याविषयी'च्या पोटात, जिथे कोणी जात नाही तिथे.

शोधता शोधता बँकेचा ०३४५ वाला नंबर सापडला. हे ०३ चे नंबर तिकडच्या ऑफकॉमने, म्हणजे फोनवाल्या कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २००७ साली आणले. यांनाही गाव नाही, पण दर साध्या लँडलाइनचा. तिकडे. आचऱ्याहून तो सरळ आयएसडी. पण लागला! इकडे संध्याकाळचे सात, तिकडे दुपारचे अडीच, म्हणजे माणसं जेवून जागेवर आली असणार. 'तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य मी चुलतभावाच्या रिचार्जमधून मिनिटाच्या भावाने ऐकत राहिलो. मध्येमध्ये पियानो. तात्या घड्याळाकडे बघत होते. मग सवयीने त्यांनी गडग्याच्या चिऱ्यावर टकटक केलं.

शेवटी मशीन म्हणालं, सगळे कामात आहेत, तुमचा नंबर दाबा, आम्ही उलट फोन करू. चुलतभावाचा नंबर ९१ लावून दाबला. चूक. ९१ काढून दाबला. चूक. अकरा अंकी हवा, शून्याने सुरू होणारा.

"माझो घाल," तात्या म्हणाले. तात्यांनी घरचा लँडलाइन अजून कापू दिलेला नाही. "शून्य दोन तीन सहा पाच, आणि फुडे सहा. मोज."

मोजले. अकरा. मी नको नको म्हणत असताना तात्यांनी स्वतःच्या बोटाने आकडे दाबले, आणि मशीनने आभार मानून फोन ठेवला.

०२३ हा तिकडे साउदॅम्प्टन आणि पोर्ट्समथचा कोड. बँकेच्या लेखी तात्या आता साउदॅम्प्टनकर.

"म्हणजे फोन हंय येवचो नाय?"

"नाय. लागलोच तर साउदॅम्प्टनाक वाजतलो."

"बंदर मा ता?"

"होय."

"मगे बरा झाला," तात्या छत्री उघडत म्हणाले. "थंय कोण तरी उचलीत. तुझ्या बँकेत कोण उचलणा नाय."